रानवनस्पतीला नाव द्यायचं कसं? सह्याद्रीत अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रानवनस्पतींच्या अभ्यासात नवखी मंडळी बहुतेक वेळा थेट नावावर उडी मारतात. फोटो काढला, अ‍ॅपला विचारलं, ग्रुपवर टाकला, कुणीतरी नाव सांगितलं, ते लिहून घेतलं. पुढे त्या नावाबद्दल शंका आली की तपासायला हातात काहीच नसतं. फोटोत पानाची खालची बाजू दिसत नाही, फुलाच्या आत काय होतं ते दिसत नाही आणि झाड तर तिकडे डोंगरावर राहिलेलं असतं.

म्हणून इथे नाव सातव्या पायरीवर येतं. त्याआधीचं काम नीट झालं असेल, तर नाव आज चुकलं तरी दहा वर्षांनी दुसरा कुणी ते दुरुस्त करू शकतो. सगळीकडे एकच उदाहरण हाताशी ठेवलं आहे, ते पांढऱ्या कुड्याचं. तो सह्याद्रीत भरपूर आहे, औषधी आहे आणि त्याच्या ओळखीत हमखास चूक होते.

१. आधी परवानगी

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी काहीही तोडायचं असेल, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव जंगलासाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये काही वनस्पतींना वेगळं संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची यादी तिसऱ्या अनुसूचीत आली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या पुस्तकांत ‘सहावी अनुसूची’ असा उल्लेख सापडेल, त्यावर विसंबू नका.

कास पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. तिथे फक्त फोटो आणि नोंदी. देवराईत शिरण्याआधी गावात विचारा. कित्येक देवरायांतून वाळकी काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत. खासगी माळ, बांध, पडीक रान असेल तर मालकाला सांगणं पुरेसं असतं. सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. बांधावरच्या तणांत पहिलं वर्ष सहज निघून जातं.

अर्जासोबत साधारणपणे ही कागदपत्रं जोडावी लागतात:

- अभ्यासाचा उद्देश, ठिकाणं आणि कालावधी सांगणारं एक-दोन पानी टिपण
- महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र
- ओळखपत्राची प्रत
- प्रत्येक वनस्पतीचे किती नमुने घेणार, याचा आकडा
- नमुने शेवटी कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा होणार, त्याचं नाव

शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात आणि अर्ज तिथेच अडकतो.

२. साहित्य

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. वीसपटीचं घेतलं तर सुरुवातीला फोकसच सापडत नाही.
- छाटणी कात्री, खुरपं, धारदार ब्लेड, टोकदार चिमटा
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पावसात जेल पेनाची शाई पसरते, पेन्सिलीचं लिखाण टिकतं.
- दोरा लावलेली छोटी लेबलं
- मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या
- प्रेस: साधारण ३० × ४५ सेंमी मापाच्या दोन लाकडी जाळ्या आणि आवळायला दोन पट्टे
- वर्तमानपत्रं, टीपकागद, नालीदार पुठ्ठे
- नाजूक फुलांसाठी ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या लहान बाटल्या
- हातमोजे

हातमोजे शोभेचे नाहीत. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की त्या दिवसाचं काम संपलं. अनोळखी वनस्पती चाखून ओळखायचा प्रयत्न कधीही करू नका. कळलावीचा कंद साध्या कंदासारखाच दिसतो, पण त्यातलं कोल्चिसिन जीवघेणं आहे.

३. वेळ गाठणं

फूल किंवा फळ नसलेला नमुना बहुतेक वेळा ओळखता येत नाही, त्यामुळे सगळं वेळापत्रक फुलोऱ्यावर ठरतं. पावसाच्या तोंडावर जमिनीतले कंद जागे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवरची ऑर्किड्स आणि ओल्या कातळावरच्या बारीक वनस्पती येतात. पठारं ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरभर फुलतात. गवतांसाठी ऑक्टोबर धरावा. फेब्रुवारी ते मे हा वृक्षांचा काळ.

काही वनस्पती एका भेटीत पुऱ्या हाती लागत नाहीत. शेवळ्याचं फूल पावसाआधी जमिनीतून वर येतं आणि पान त्यानंतर. पळस, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. अशा ठिकाणी जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा, झाड असेल तर फांदीला लेबल बांधा आणि परत जा. दुसऱ्या भेटीतल्या नमुन्याला वेगळा क्रमांक द्यायचा आणि दोन्ही नोंदींत एकमेकांचा उल्लेख करायचा. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. ते वर्ष हुकलं की थांबण्याला पर्याय नाही.

४. नमुना घेणं

झुडूप किंवा वृक्ष असेल तर ३०-३५ सेंमी लांबीची फांदी घ्या. तिच्यावर पानं, कळ्या, उमललेली फुलं आणि जमलं तर फळंही हवीत. लहान वनस्पती मुळासकट घ्यावी, पण आसपास तिची भरपूर रोपं असतील तरच. वीसात एकापेक्षा जास्त रोप उचलायचं नाही, हा पाळण्यासारखा नियम आहे. चार-पाचच रोपं दिसली तर एकही नको. फोटो काढा, जागा टिपा आणि ती जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. दुर्मिळ सेरोपेजिया (कंदीलपुष्प) आणि ऑर्किड यांचे कंद उपटून नेणारे लोक अशाच माहितीच्या शोधात असतात.

सगळ्यांत चांगलं पान निवडायचा मोह टाळा. त्या वनस्पतीची पानं लहान-मोठी असतील तर नमुन्यातही तशीच यायला हवीत. किडलेलं पानसुद्धा चालतं.

करटोलीसारख्या वनस्पतींत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. दोन्ही घ्यायचे, दोघांना स्वतंत्र क्रमांक द्यायचे. नर वेल पाहून ‘याला फळच धरत नाही’ अशी नोंद करणारे कमी नाहीत.

फोटो प्रेसमध्ये घालण्याआधीच काढावेत: संपूर्ण वनस्पती, पानाच्या दोन्ही बाजू, पान खोडाला जिथे जुळतं ती जागा, फूल समोरून आणि बाजूने, निदलं (पाकळ्यांखालची, बहुधा हिरवी दलं), फळ. निदान एका फोटोत पट्टी ठेवा.

५. वहीतली नोंद

हे काम झाडापाशीच उभं राहून करायचं. घरी गेल्यावर आठवून लिहू, असं म्हटलं की निम्मी माहिती गेलीच. वाळल्यावर जे नाहीसं होणार आहे, ते आधी लिहा: फुलाचा रंग, वास, चीक आहे का आणि कुठल्या रंगाचा, खोडाची साल, उंची. पांढऱ्या कुड्याची नोंद साधारण अशी दिसते:

*क्र. ४७. १२ मे. घाटमाथा, ओढ्याकाठचा मुरमाड उतार, उंची ६२० मी. अक्षांश-रेखांश मोबाइलवरून. झुडूप, सुमारे ३ मी. फांदी मोडल्यावर पांढरा चीक. पानं समोरासमोर, देठ आखूड, कड अखंड. फुलं पांढरी, फांदीच्या टोकाला झुपक्यात, मंद सुवासिक. दलनलिका (पाकळ्या जुळून झालेली नळी) अरुंद, तोंडाशी झालर नाही, पुंकेसर नलिकेच्या आत. गेल्या वर्षीच्या शेंगा जोडीने, एकमेकींपासून सुट्या. भोवती धायटी आणि ऐन. परिसरात विपुल. स्थानिक नाव: कुडा.*

यात कुठेही शास्त्रीय नाव नाही, हे लक्षात घ्या. क्रमांक आयुष्यभर सलग चालू ठेवायचा. दरवर्षी एकपासून सुरुवात केली तर तुमच्याकडे पाच वेगवेगळे ‘क्र. ४७’ जमतील.

६. दाबणं आणि वाळवणं

नमुना तोडल्या दिवशीच प्रेसमध्ये जायला हवा. वर्तमानपत्राच्या घडीत तो पसरा आणि क्रमांक कागदाच्या कडेवरही लिहा. एक-दोन पानं उलटी ठेवा, म्हणजे खालच्या बाजूची लव, ग्रंथी आणि शिरा पुढे पाहता येतील. एखादं फूल उभं चिरून उघडं पसरा. फांदी लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखी मोडून बसवा. पानं फार दाट असतील तर काही कापा, पण देठाचा बुडखा राहू द्या. पान कुठे होतं ते त्यावरून कळतं.

पहिली कागदबदली चोवीस तासांच्या आत. ही सर्वांत महत्त्वाची, कारण पानं तोवर मऊ पडलेली असतात आणि दुमडलेलं पान सरळ करायची तीच शेवटची संधी असते. पुढे रोज एकदा कागद बदला. भर पावसाळ्यात पहिले तीन दिवस दोनदा बदलावे लागतात. सह्याद्रीत जुलै महिन्यात नमुने जातात ते बुरशीने, आणि बुरशी येते ती ‘उद्या बदलू’ म्हटल्यामुळे. चार-पाच नमुन्यांमागे एक नालीदार पुठ्ठा घाला, सगळ्यांच्या नळ्या एकाच दिशेला ठेवा आणि प्रेस अशी उभी करा की खालून येणारी ऊबदार हवा त्या नळ्यांतून वर जाईल. तापमान ४५-५० अंशांच्या आसपास पुरे. त्याहून फार तापवलं तर पानं काळी पडतात आणि हात लावताच चुरतात.

साधारण वनस्पती आठवड्याभरात वाळते. तपासायची रीत सोपी आहे. नमुना एका टोकाला धरून आडवा उचला. तो लवला नाही आणि गालाला लावल्यावर गार लागला नाही, की झाला.

काहींना वेगळी वागणूक लागते. निवडुंग, पानफुटी अशा रसाळ वनस्पती प्रेसमध्येही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि पानं गाळत बसतात. फुलं बाजूला काढून उरलेला भाग काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा, टिपून घ्या आणि मग दाबा. जाड कंद उभा चिरून त्याची चकती ठेवावी. पाण्यातल्या नाजूक वनस्पती बाहेर काढताच गोळा होतात. थाळीत पाणी घेऊन त्यांच्याखाली कागद सरकवा, त्या पसरल्या की कागदासकट हळूच उचला. तेरडा, ऑर्किड, सेरोपेजिया यांची फुलं दाबल्यावर ओळखू येत नाहीत. त्यांची दोन-तीन फुलं अल्कोहोलमध्ये ठेवा आणि बाटलीत पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाका. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी कधी ना कधी निघून पडते.

७. कुलापासून जातीपर्यंत

आता नाव. हजारो जातींमध्ये शोधायला जाऊ नका, आधी कुल (फॅमिली) ठरवा. सह्याद्रीतली दहा-बारा मोठी कुलं पक्की झाली की निम्म्याहून अधिक वाट सोपी होते. प्रत्येक कुलाची एखादी पटकन सापडणारी खूण असते:

- लॅमिएसी (तुळस, तुंबा): चौकोनी खोड, समोरासमोर पानं, फळात चार बारीक कठीण बिया
- रूबिएसी (गेळ): समोरासमोर पानं आणि दोन देठांच्या मध्ये उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं छोटं अंग), अंडाशय फुलाच्या खाली
- अ‍ॅकँथेसी (कारवी, कोरांटी): समोरासमोर पानं, तडकणारं फळ, बियांखाली बारीक आकडे
- माल्व्हेसी (रानभेंडी): पुंकेसर एकत्र जुळून झालेली नळी, ताऱ्याच्या आकाराची लव
- अ‍ॅपोसायनेसी (कुडा, रुई): चीक, बहुधा समोरासमोर पानं, जोडीने येणाऱ्या शेंगा

खूण एकटी पुरेशी नसते. युफोर्बिएसी आणि वडाच्या कुलातही चीक असतो. त्यामुळे फूल उघडून बघावंच लागतं. वाळलेलं फूल गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवलं की मऊ होतं. निदलं, पाकळ्या, पुंकेसर मोजा, कोण कोणाला जुळलंय ते पाहा. मग अंडाशय ब्लेडने आडवा कापून कप्पे मोजा आणि बीजांडं कशाला चिकटली आहेत ते भिंगाखाली बघा. पहिली काही फुलं वाया जातील, म्हणून नमुना घेतानाच जास्तीची फुलं पुडीत आणावीत.

कुल ठरलं की द्विभाजी किल्ली हाती घ्या. किल्लीत प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी विधानं असतात. दोन्ही पूर्ण वाचायची आणि मगच निवड करायची. अशा किल्ल्या फ्लोरात, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचं वर्णन करणाऱ्या ग्रंथात असतात. आपल्या भागासाठी थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ अजूनही वापरात आहे आणि त्यातली वर्णनं उत्तम आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राचा स्वतंत्र फ्लोरा काढला आहे, तो सोबत ठेवा.

किल्लीत माणसं अडखळतात ती ठरावीक जागी. पर्णिकेला पान समजणं ही सर्वांत सामान्य चूक. बेचक्यात डोळा दिसतो ते पान. डोळा नसेल तर ती संयुक्त पानाची पर्णिका. एकच पान मोजून माप ठरवणं ही दुसरी. किमान पाच पानं आणि पाच फुलं मोजा. तिसरी म्हणजे सूर्यफुलाच्या किंवा दुधीच्या (युफोर्बिएसी) कुलातला फुलोरा एकच फूल समजणं.

कुड्याकडे येऊ. पांढरा कुडा म्हणजे होलारेना प्युबेसन्स आणि काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांना पांढरा चीक, दोघांची पानं समोरासमोर, दोघांची फुलं पांढरी, दोघांना जोडशेंगा. फुलाच्या तोंडाशी भिंग धरा. काळ्या कुड्यात तिथे झालरीसारखे बारीक तंतू असतात आणि परागकोशांचा शंकू बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्यात झालर नसते, पुंकेसर आत दडलेले असतात. शेंगांतही फरक आहे: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. क्र. ४७ च्या नोंदीत झालर आणि शेंगा या दोन्हींचा उल्लेख का होता, ते इथे कळतं.

अ‍ॅपने सुचवलेलं नाव हा धागा म्हणून घ्या, त्याचं वर्णन फ्लोरात उघडा आणि नमुन्याशी ओळीओळीने ताडून पाहा. एखादं लक्षण जुळत नसेल तर ते नाव बाजूला ठेवा.

८. नाव आजही तेच आहे का?

जुन्या फ्लोरात मिळालेलं नाव आता बदललेलं असू शकतं. टाकळा पूर्वी कॅशिया टोरा होता, आता सेन्ना टोरा आहे. खैर अकेशियातून सेनेगालियात गेला, बाभूळ व्हॅचेलियात. भारंगीचं क्लेरोडेंड्रम सेरॅटम हे नाव बदलून रोथेका सेरॅटा झालं आणि तिचं कुलही व्हर्बिनेसीऐवजी लॅमिएसी झालं. कारण डीएनएचा पुरावा आल्यानंतर कुलांची नव्याने मांडणी झाली; तिची चौथी आवृत्ती, एपीजी-४ (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या अभ्यासगटाची), २०१६ मध्ये आली. रुईचं अ‍ॅस्क्लेपिएडेसी हे कुल आता अ‍ॅपोसायनेसीत धरतात.

सध्याचं मान्य नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर तपासा. वनस्पती मूळची इथली आहे की बाहेरून आलेली, हेही तिथे कळतं. घाणेरी, गाजरगवत, रानमोडी सह्याद्रीभर पसरलेल्या असल्या तरी तिन्ही अमेरिका खंडातून आलेल्या आहेत. स्थानिक वनस्पतींच्या यादीत त्या घालू नका.

९. उपयोगांची नोंद

उपयोग लिहायचा तो नमुन्याच्या क्रमांकाला जोडून. स्थानिक नाव एकटं पुरत नाही. ‘शंखपुष्पी’ म्हणून विष्णुक्रांताही दाखवतात आणि गोकर्णही. ‘ब्राह्मी’ म्हणून कुठे बाकोपा, कुठे सेंटेला. माहिती देणाऱ्याला रानात सोबत न्यावं आणि वनस्पती त्यानेच दाखवावी. मोबाइलवर फोटो दाखवून ‘हे कशाला वापरता?’ असं विचारलं तर समोरचा माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो.

नोंदीत काय हवं: कोणता भाग, कोणत्या ऋतूत काढलेला, ओला की वाळलेला, कसा तयार करतात, कशासाठी. नाव छापायला सांगणाऱ्याची संमती आहे का, तेही लिहा. माहिती कशासाठी घेतो आहोत, कुठे छापणार आहोत, हे आधी त्यांच्या भाषेत सांगायचं आणि ‘नको’ म्हटलं तर वही मिटायची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवरचं हे ज्ञान त्यांच्या मालकीचं आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तिच्याकडे असते. त्या समितीशी बोलून काम सुरू करावं.

‘कुड्याची साल अतिसारावर वापरतात’ ही पारंपरिक वापराची नोंद आहे. ‘कुड्याच्या सालीने अतिसार बरा होतो’ हे वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. मात्रा छापू नका. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची साल मिसळली जाते आणि नुसती साल पाहून वाचकाला फरक कळणार नाही.

१०. कागदावर चढवणं आणि जमा करणं

वाळलेला नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांना आठवडाभर ठेवा, म्हणजे कीड आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर नमुन्यावर दव धरतं. पूर्वी यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते विषारी आहे, वापरू नये. जुने नमुने हाताळतानाही हातमोजे घाला.

हर्बेरियमचा कागद साधारण २९ × ४२ सेंमी असतो. नमुना डिंकाने चिकटवा, जाड फांदी दोऱ्याने टाका घालून बांधा. सुट्या बिया-फुलांसाठी कागदाची पुडी लावा. सेलोटेप नको, काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते. उजव्या कोपऱ्यात खाली लेबल येतं: शास्त्रीय नाव, कुल, ठिकाण, उंची, तारीख, वर्णन, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, ओळख पटवणाऱ्याचं नाव. पुढे कुणी नाव बदललं तर जुनं लेबल फाडत नाहीत, शेजारी नवी चिठ्ठी लावतात.

जिथे शक्य असेल तिथे एकाच झाडाचे दोन नमुने करा. एक स्वतःकडे किंवा महाविद्यालयात, दुसरा मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ या ठिकाणी असे संग्रह आहेत. आधी लिहून विचारा, वेळ घ्या आणि नमुन्यांसोबत वहीतल्या नोंदींची व परवानगीपत्राची प्रत न्या. अर्धवट लेबलचे नमुने परत येतात. तिथला नोंदणी क्रमांक मिळाला की तो वहीत मूळ क्रमांकाशेजारी लिहा. शोधनिबंधात तोच द्यावा लागतो.